जिवंत माणसाचं सुतक

मॅचच्या आधी महाडात कुठे उतरायचं, कुठे जेवायचं आणि मैदानावर कसं पोचायचं, हे वैशालीने माहेरच्या माणसांना इतकं नीट समजावून सांगितलं होतं की आयुष्यात पहिल्यांदा महाड बघणारा माणूससुद्धा चुकला नसता. मिनीडोर गाडी एसटी स्टँडच्या बाहेरच सोडा, बाजारपेठेत शिरू नका, तिथे कोंडी असते. स्टँडच्या मागच्या गल्लीत खानावळ आहे. तांदळाची भाकरी आणि कालवण चांगलं मिळतं, मालकाला मी सांगून ठेवलंय. जेवण झालं की तळ्याच्या बाजूने पायी चालत या, मैदान लागेलच. करंजवाडीच्या ग्रुपवर तिने हे सगळं बोलून पाठवलं आणि पाठवल्यावर स्वतःच पुन्हा ऐकलं. सगळं होतं त्यात. फक्त तिचं स्वतःचं घर नव्हतं.

करंजवाडी म्हणजे पोलादपूरच्या वर डोंगरात चिकटलेली तिची माहेरची वाडी. तिथली रीत अशी की वाडीची लेक ज्या गावात दिली, त्या गावात वाडीतल्या माणसाने बाहेर जेवायचं नाही. दवाखान्यात या, कोर्टात या, लग्नाचा बस्ता बांधायला या, जेवायचं लेकीकडे. फोन करून जायची पद्धत नाही. दारात चपला काढायच्या, 'वैशे, हायस का गो?' अशी हाक द्यायची आणि उत्तराची वाट न बघता मोरीत पाय धुवायला जायचं. वैशालीच्या लग्नापासून महाडातलं तिचं घर हे करंजवाडीचं हक्काचं घर होतं आणि आधी तिलाही त्याचा अभिमानच वाटायचा.

मग ती नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेली. नवरा अक्षय एमआयडीसीत सुपरवायझर झाला, हॉलमध्ये सोफा आला, दाराबाहेर पायपुसणं आलं आणि वरच्या मजल्यावर तेजश्री आली. तेजश्री काही वाईट बाई नव्हती. गेल्या दिवाळीच्या सुमारास करंजवाडीच्या बायका खरेदीला आल्या होत्या. घरात उकडायला लागलं म्हणून त्या जिन्यात ऐसपैस बसल्या आणि त्यांनी तिथेच मशेरी लावली. तेजश्री खाली उतरताना पदर सावरून कडेकडेने गेली आणि दुसऱ्या दिवशी हसत म्हणाली, "तुमच्याकडे गावची माणसं खूप येतात ना?" बस, एवढंच. पण त्या 'ना'ने वैशालीला जे पोखरलं ते आजतागायत.

आणि ही गावची माणसं कोण? महापुराच्या वर्षी वैशालीच्या जुन्या तळमजल्याच्या खोलीत छातीएवढा गाळ बसला होता, तेव्हा कोणी न बोलावता फावडी-घमेली घेऊन डोंगर उतरलेली हीच माणसं. त्यांनी गाळ उपसला, भांडी घासली, भिजलेल्या गाद्या ओढून बाहेर टाकल्या आणि तिला स्वतःजवळची कोरडी लुगडी दिली. हे सगळं वैशाली विसरली नव्हती. विसरली असती तर निदान तेवढी तरी सबब राहिली असती. लक्षात असूनही तिला त्यांची लाज वाटत होती.

त्यात ही मॅच. वैशालीच्या भावाची, गणूची मुलगी सारिका पोलादपूरच्या हायस्कुलात हॉकी खेळायची. गोल अडवायची. सुरुवातीला वाडीला हा खेळ कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, पण पोरगी पायाला उशा बांधून उभी राहते आणि येईल तो चेंडू अडवते, एवढं कळल्यावर वाडी पुरती वेडी झाली. माणगावच्या सामन्याला गणू आपला ढोल घेऊन गेला होता. ढोल सुरू झाल्यावर सारिकाने एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. तेव्हापासून पोरीच्या मनात बसलं की बाबांचा ढोल वाजला की आपण हरत नाही. आता अंतिम सामना महाडात, महाडच्याच शाळेशी. त्या शाळेच्या संघात तेजश्रीची मुलगी होती. म्हणजे वाडी येणार, ढोल-ताशासकट येणार, आणि जेवायला वैशालीच्या बिल्डिंगचा जिना चढणार.

म्हणून ती खानावळ.

पण बनुबाई काही ग्रुपवरच्या निरोपाने गप्प बसणारी नव्हती. बनुबाई ही वैशालीची चुलती. आई लवकर गेल्यावर हिनेच तिला वाढवलेलं. तिने त्याच संध्याकाळी फोन केला.

"खानावल कशाला गो? तू घरी नायस का त्या दिवशी?"

"आहे ना काकी. पण..."

"आजारी-बिजारी हायस का?"

"नाही गं."

"मग?"

पाणी नाही म्हणावं तर काकी हंडे भरून आणील. तब्येत बरी नाही म्हणावं तर काकी आदल्या दिवशीच येऊन चुलीशी बसेल. ज्या एका कारणापुढे करंजवाडीतलं कोणीच काही बोलणार नाही, ते कारण तिच्या तोंडून निघून गेलं.

"काकी, आमच्याकडे सुतक आलंय."

"अरारा. कोन गेलं गो?"

आता कोणीतरी जायलाच हवं होतं. वैशालीच्या डोळ्यांसमोर अक्षयच्या भावकीतले वरंधचे गोमाजी आले. म्हातारे, फौजेतून निवृत्त झालेले, करंजवाडीशी फारसा संबंध नसलेले. "वरंधचे गोमाजीमामंजी," ती म्हणाली. म्हणताक्षणी तिने जीभ चावली, पण तोपर्यंत गोमाजी गेलेले होते.

"भला मानूस व्हता," बनुबाई म्हणाली. "तुज्या लग्नात पंगतीला वाढत व्हता. बरं, तू काळजी नको करूस. आमी बघतो काय ता."

त्या 'बघतो'चा अर्थ वैशालीच्या लक्षात यायला हवा होता. ती काही शहरात जन्मलेली नव्हती.

मॅचच्या दिवशी सकाळी तेजश्री आणि बिल्डिंगमधल्या आणखी दोघी वैशालीकडे जमल्या होत्या. इथूनच सगळ्यांनी मिळून मैदानावर जायचं ठरलं होतं. वैशालीने पोहे केले होते, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. देवापुढे दिवा लावलेला, देवाला ताजी जास्वंद वाहिलेली. तेजश्री मुलीच्या प्रॅक्टिसबद्दल सांगत होती आणि वैशाली मोकळेपणाने हसत होती. ढोलवाली माणसं खानावळीत गेली असतील, असा तिचा हिशेब होता.

दारात कोणी हाक मारली नाही. नुसती कडी हळूच वाजली. करंजवाडीच्या माणसाने कडी वाजवली म्हणजे काहीतरी वेगळं आहे, हे तिला दार उघडायच्या आधीच कळलं.

बाहेर बनुबाई आणि तिचा नवरा कुशाबा, वैशालीचे तात्या, उभे होते. मागे जिन्यावर वाडीच्या चार-पाच बायका. चपला बिल्डिंगच्या खालीच काढून आलेल्या. कोणाच्या तोंडात मशेरी नाही, कोणाच्या डोक्यात फूल नाही. एरवी जिना दणाणून सोडणाऱ्या त्या बायका मान खाली घालून, आवाज न करता उभ्या होत्या. बनुबाईच्या हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं पातेलं होतं.

"आत येवू का गो?" बनुबाईने विचारलं. तिने असं याआधी कधी विचारलं नव्हतं.

सुतकाच्या घरी माहेरच्या माणसांनी शिजवलेला घास न्यायचा असतो. त्याला कडू घास म्हणतात. ज्या घरातलं माणूस गेलं तिथल्या बाईला तो हाताने भरवायचा, तिच्याजवळ थोडं बसायचं आणि पाणीसुद्धा न घेता निघायचं. वैशालीने हे लहानपणापासून पाहिलं होतं. तिने खानावळीचा पत्ता सांगितला आणि वाडीने आदल्या रात्रीच ठरवलं की खानावळ राहू दे, आधी लेकीच्या दारात घास न्यायचा.

"काय झालं?" सोफ्यावरून तेजश्रीने विचारलं.

कुशाबा हात जोडून म्हणाला, "हिच्या सासरचे गोमाजी गेले नाय का. आमी भेटायला आलाव."

तेजश्रीच्या हातात पोह्यांची बशी होती. तिने आधी बशीकडे पाहिलं, मग वैशालीकडे. "अगं, तुमच्याकडे सुतक आहे? आणि तू आम्हाला बोलली नाहीस? आम्ही इथे बसून खातोय!" तिने बशी अशी खाली ठेवली, जणू तिचा चटका बसला होता. बाकीच्या दोघींनीही ठेवल्या.

"लांबचे होते," वैशाली पुटपुटली. एकच खोटं आता तिला दोन्हीकडे पुरवायचं होतं.

बनुबाई आत येऊन जमिनीवर बसली. तिची नजर देव्हाऱ्याकडे गेली. सुतकात देवाला हात लावत नाहीत, आणि इथे तर दिवा तेवत होता, लालभडक जास्वंद होती. पण बनुबाईची नजर तिथे थांबली नाही. तिने फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि वैशालीच्या तोंडाशी धरला.

"खा गो."

शेजारणी बघत होत्या, वाडी बघत होती. वैशालीने तोंड उघडलं. पिठलं चांगलं झालं होतं. बनुबाईने दुसरा घास भरवला. तिसरा भरवला. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मागच्या बायकांनी आपापले पदर डोळ्यांना लावले. तिला गोमाजींचं दुःख झालंय असं त्यांना वाटलं.

"तुम्ही जेवलात?" वैशालीने कसंबसं विचारलं.

"जेवू की," कुशाबा म्हणाला. "पोरीची मॅच झाली म्हंजे जेवू. आता वेल नाय. तू नको येव हां मैदानावर. घरात दुखवटा असताना बरं दिसत नाय." आणि ती माणसं पाण्याचा घोट न घेता जशी आली तशी निघून गेली. पहाटे डोंगर उतरलेली, पोटात काही नसलेली.

तेजश्रीही निघाली. जाताना ती खरोखरच आपुलकीने म्हणाली, "वैशाली, सांगायला हवं होतंस गं. अशा वेळी माणसाने एकटं राहू नये. किती चांगली आहेत तुझ्या गावची माणसं." दार लागलं. वैशाली पोह्यांच्या अर्धवट बशांकडे बघत उभी राहिली. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मैदान घरापासून फार लांब नव्हतं. गॅलरीत उभं राहिलं की लाउडस्पीकर ऐकू यायचा. सामना सुरू झाल्याचं कळलं, महाडच्या शाळेचा बँड वाजू लागला, टाळ्या आल्या. ढोल मात्र वाजेना. वैशालीला वाटलं, आता वाजेल. मग तिला वाटलं, अजून मैदानात शिरले नसतील. मग आरडाओरडा झाला, बँड जोरात वाजला, महाडने गोल केल्याचं स्पीकरवर सांगितलं, आणि तरीही ढोल वाजला नाही. दाराला कुलूप न लावताच ती जिना उतरली.

करंजवाडीची माणसं मैदानाच्या एका कडेला उन्हात मातीवर बसली होती. मध्ये ढोल आणि ताशा होते, पण चादरीत गुंडाळलेले, वरून दोरी आवळलेली. गणू मांडीवर हात ठेवून गप्प बसला होता. ढोलाशेजारी ढोल न वाजवता बसलेला गणू वैशालीने जन्मात पाहिला नव्हता.

"दादा, वाजवत का नाहीस?"

गणूने तिच्याकडे चमकून पाहिलं. "तू कशाला आलीस? तुज्या घरात दुखवटा, नि तुज्याच गावात येवून ढोल बडवू? लोक काय म्हनतील तुला? काल गावकीत ठरलाय. ढोल आनले ते नुसते पोरीला दिसावे म्हनून."

"आणि सारिका?"

"तिला सांगितलाय. तीच म्हनली, आत्याकडं झालंय तं नको वाजवू, बाबा."

समोर जाळ्यापुढे सारिका उभी होती. पायाला ती जाडजूड पॅडं, डोक्यावर मोठं हेल्मेट. चेंडू लांब असला की ती मान वळवून या कोपऱ्याकडे बघायची आणि पुन्हा समोर वळायची. वैशालीला ते बघवेना. ती बनुबाईच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या कानाशी लागली.

"काकी, मी खोटं बोलले. कोणी गेलेलं नाही."

बनुबाईने मैदानावरची नजर काढली नाही. "ठाव हाय मला," ती म्हणाली.

"काय?"

"गोमाजी सकाली स्टँडावर भेटला. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला आलता. ह्यांनी नि मी बघितला तेला, बाकीचे मागं सामान उतरवत व्हते. आमाला बघून म्हनतो कसा, चला चा घेऊ. आमी म्हनलाव, घाईत हाव."

"मग तरी तुम्ही घास घेऊन आलात?"

"मग काय करू? वाडीच्या बायांना सांगू, आमची वैशी खोटं बोलली, परत फिरा? नि तुज्या दारात तुज्या शेजारनी बसलेल्या. तेंच्यासमोर तुला उघडी पाडू?" बनुबाई अगदी हळू बोलत होती. "ढोल सोडला असता तं सगल्यांनी इचारलं असतं, सुतकाचं काय झालं. म्हनून ह्यांनी मला सांगितला, आपन दोघांनी तोंड मिटून ऱ्हायचा. तूबी गप बस. कोनाला कलायचा नाय."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चारचौघांत कानफटात मारली असती तरी चाललं असतं. वैशालीला त्यांची लाज वाटली, हे त्यांना सकाळीच कळलं होतं. कळल्यावर त्यांनी काय केलं, तर उपाशीपोटी जिना चढले, तिला घास भरवला आणि स्वतःच्या नातीचा ढोल बांधून ठेवला, तिचं खोटं उघडं पडू नये म्हणून. आता तिने नुसतं गप्प बसायचं होतं. कोणालाही काही कळलं नसतं. सगळं सुरळीत पार पडलं असतं.

सारिकाने पुन्हा मान वळवून पाहिलं.

वैशाली उठून उभी राहिली. पलीकडे पालकांच्या खुर्च्यांवर तेजश्री बसली होती, हाकेच्या अंतरावर. वैशालीने तिच्याकडे पाहिलं आणि मग पाहायचं सोडून दिलं.

"दादा, ढोल सोड," ती म्हणाली. आवाज चिरकला म्हणून तिने पुन्हा, मोठ्याने सांगितलं, आणि या खेपेस तिच्या तोंडी आपोआप वाडीची भाषा आली. "कोन मेलेला नाय! गोमाजी जिते हायत. सुतक-बितक काय नाय. मी खोटं बोलले. तुमी माज्या घरी येऊ नये म्हनून बोलले. मला तुमची लाज वाटली."

खुर्च्यांवरच्या माना वळल्या. पिठलं रांधणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि खाली मातीकडे पाहू लागल्या. कुशाबाने डोळे मिटून घेतले. अपमान त्यांचा झाला होता, आणि शरमेने माना त्यांनीच खाली घातल्या होत्या.

गणूने दोरी सोडली, चादर बाजूला केली, ढोल गळ्यात अडकवला आणि तिच्याकडे पाठ करून टिपरू हाणलं. पहिल्याच ठोक्याला जाळ्यापुढची पोरगी ताडकन सरळ झाली. तिने काठी उंच धरून हलवली. त्यानंतर महाडच्या मुलींनी जीव तोडून मारलेले चेंडू तिने पायाने अडवले, छातीवर घेतले, आडवी पडून बाहेर लोटले. एकही आत जाऊ दिला नाही. ढोल शेवटच्या शिट्टीपर्यंत वाजत होता.

पोलादपूर हरलं. एका गोलने. ढोल बांधलेला असताना जो बसला होता, त्याच गोलने.

सारिका हेल्मेट काढून आली तेव्हा रडत नव्हती. घामाने केस कपाळाला चिकटले होते. "आत्या, तुज्याकडं कोन गेला व्हता?" तिने विचारलं. तिला काही ऐकू गेलं नव्हतं. "कोन नाय गेला," गणूने उत्तर दिलं आणि पोरीच्या हातातलं सामान घेऊन तो मिनीडोरकडे चालू लागला.

वैशाली सगळ्यांच्या मागे मागे गेली. "घरी चला," ती म्हणत होती. "तात्या, घरी चला. मी पटकन भात टाकते. काकी, पोरगी उपाशी आहे. असं जाऊ नका."

"नको गो," कुशाबा म्हणाला. "खानावलवाल्याला तू सांगून ठेवलायस. तो वाट बगत असंल. त्याचा खोलंबा नको." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो पुढे जाऊन बसला. बायका एकेक करून चढल्या. कोणी रागावलं नव्हतं. तिच्याशी बोलताना सगळ्या जपून बोलत होत्या, परक्या घरच्या बाईशी बोलावं तशा.

बनुबाई सर्वांत शेवटी चढली. बसल्यावर तिने पदर नीट केला आणि बाहेर उभ्या असलेल्या वैशालीचा हात हातात घेतला.

"पुढल्या टायमाला यायचं झालं ना," ती म्हणाली, "तं आमी आदी फोन करू. तुला बरं पडतं का इचारू, नि मगच येऊ."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर वैशाली भांडली असती, रडली असती, पायावर पडली असती. पण काकी अगदी मनापासून बोलत होती, लेकीची अडचण समजून घेऊन. आणि गेल्या दिवाळीपासून वैशालीला नेमकं हेच हवं होतं.

मिनीडोर सुरू झाली. "बरं," वैशाली म्हणाली.